कानातला डूल आणि एक श्वास

जानेवारी महिना, गळीत हंगाम ऐन जोरात. आमचं उपजिल्हा रुग्णालय कारखान्याच्या पट्ट्यात, त्यामुळे या दिवसांत ओपीडीत निम्मी गर्दी ऊसतोडीच्या टोळ्यांची असते. त्या दिवशी दुपारी केसपेपरची खिडकी बंद झाल्यावर बीडकडची एक ३४ वर्षांची बाई नवऱ्याचा आधार घेत आत आली. मोळी घेऊन ट्रकवर चढताना मटकन खाली बसली होती. पाय सुजलेले, पोट फुगलेलं. "आडवं पडलं की गुदमरतंय," एवढंच बोलली.

बाकीचं नवऱ्याने सांगितलं. लहानपणी ताप येऊन एकेक सांधा धरायचा. काही दिवस इंजेक्शनं घेतली, मग सुटली. प्लास्टिकच्या पिशवीत दोन वर्षांपूर्वीचा एका दवाखान्याचा कागद होता: मायट्रल, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूची, झडप गळते, बदलावी लागेल. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केलेला नव्हता. झडप बदलायचा खर्च ऐकून दोघं घरी परतली, ती पुन्हा कुठेच गेली नाहीत. मुकादमाची उचल फेडायची होती, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. तिने काम सोडलं तर कोयता मोडतो.

पाठीला उशा देऊन मी तिला टेबलावर बसवलं. स्टेथो कानात घालायच्या आधीच नजर तिच्या कानाकडे गेली. पितळेचा छोटासा डूल हलत होता. मान स्थिर होती, पंखा बंद होता. मी तिच्या मनगटावर बोटं ठेवली. नाडी अनियमित होती आणि तिच्या प्रत्येक ठोक्याला डूल हलत होता. हृदयाच्या उजव्या बाजूची ट्रायकस्पिड झडप खूप गळत असली, की ठोक्यागणिक रक्त उलटं मानेच्या शिरांत चढतं आणि कानाची पाळीसुद्धा उडते. पोटावर हात ठेवला तर यकृतही हाताखाली तसंच उसळत होतं.

मग ऐकलं. डाव्या स्तनाखाली, हृदयाच्या टोकाशी, पूर्ण आकुंचनभर चालणारा मर्मर, म्हणजे रक्ताच्या खळखळीचा आवाज. कागदावर लिहिलं होतं ते याच आवाजावरून. डूल दिसला नसता तर मीही तेच लिहिलं असतं.

म्हटलं, "ताई, मोठा श्वास घ्या आणि धरून ठेवा." गळती उजवीकडची असती तर आवाज वाढायला हवा होता, उलट तो बारीक झाला. क्षणभर वाटलं, कागदच बरोबर. मग तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. गाल फुगलेले, गळ्याच्या शिरा ताठ. ती श्वास धरून कुंथत होती. त्याला वाल्साल्व्हा म्हणतात. त्याने छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे येणारं रक्त घटतं आणि बहुतेक मर्मर दबतात. ती मी सांगितलं तेच करत होती. सांगण्यात चूक माझी होती.

"धरायचा नाही. तव्यावरच्या भाकरीचा वास घेता ना, तसा सावकाश आत ओढा, सावकाश सोडा." तिने डोळे मिटले. नाडी अनियमित असल्याने एका श्वासावर भरवसा ठेवता येत नव्हता, म्हणून सात-आठ श्वास ऐकले. दर वेळी श्वास आत जाताना आवाज भरून यायचा, सोडताना ओसरायचा.

श्वास आत घेतला की छातीतला दाब उतरतो आणि शिरांतलं जास्त रक्त उजव्या हृदयात येतं, म्हणून उजवीकडची गळती त्याच श्वासात मोठी होते. डाव्या बाजूला तसं होत नाही. वाढलेलं रक्त आधी फुफ्फुसांत पसरतं. मेक्सिकोच्या रिव्हेरो-कार्व्हालो यांनी १९४६ मध्ये ट्रायकस्पिड गळतीची ही खूण नोंदवली. १९८८ मध्ये आलेल्या एका अभ्यासात श्वासाबरोबर वाढणाऱ्या आवाजाने उजव्या बाजूचे सगळे मर्मर पकडले गेले होते. मात्र उजवा कप्पा पार थकला असेल तर ही खूण दिसेनाशीही होते, तेव्हा रुग्णाला बसवून किंवा उभं करून पुन्हा ऐकावं लागतं.

पण टोकाशी उजव्या झडपेचा आवाज का? उजवा कप्पा इतका फुगला होता की त्याने डाव्याला मागे ढकलून टोकाची जागाच घेतली होती. आणि तो फुगला असेल तर डावीकडे कुठेतरी वाट अडलेली असणार.

तिला डाव्या कुशीवर वळवलं. अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त तिला ते सोसणार नव्हतं. टोकाशी स्टेथोची बेल, म्हणजे वाटीसारखी बाजू, अगदी हलकी टेकवली. "आता सगळा श्वास सोडून द्या आणि थोडं थांबा." श्वास बाहेर गेला की फुफ्फुसाची हवा मधून हटते आणि डावीकडचे आवाज जवळ येतात. दोन ठोक्यांच्या मधे, शेजारच्या घरातून ऐकू यावी तशी जात्याची घरघर आली. मायट्रल झडप आकसलेली होती.

गळकी झडप आणि आकसलेली झडप यांची वाट वेगळी. फारशी गळत नसलेली, नुसती आकसलेली झडप जांघेतल्या शिरेतून फुगा नेऊन उघडता येते. जपानच्या कांजी इनोउए यांनी १९८४ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. छाती उघडावी लागत नाही. हे नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, "म्हणजे बदलायची नाही?" मी म्हटलं, "इको झाल्याशिवाय शब्द देत नाही."

लघवीच्या औषधाने सूज उतरली, ठोके आवरले, रक्त पातळ ठेवायची गोळी सुरू केली. जिल्ह्याच्या ठिकाणी इको झाला. मायट्रलचं तोंड ०.८ चौरस सेंटिमीटर, एरवी ते ४ ते ६ असतं. मायट्रलची गळती नगण्य, ट्रायकस्पिडची भरपूर. मेडिकल कॉलेजात अन्ननलिकेतून इको करून डाव्या कर्णिकेत गुठळी नाही याची खात्री केली आणि फुग्याने झडप उघडली. खर्च सरकारी योजनेत बसला.

एप्रिलमध्ये टोळी परत निघाली तेव्हा गावाकडे जाता जाता ती दाखवायला आली. मी स्टेथो टेकवला आणि काही म्हणायच्या आत तिने डोळे मिटून सावकाश श्वास आत ओढायला सुरुवात केली. उजवीकडचा आवाज श्वासाबरोबर अजून थोडा वर येत होता. जात्याची घरघर मात्र कान लावून शोधावी लागली. डूल स्थिर होता.

लहानपणचा तो सांधे धरणारा ताप पुन्हा उलटू नये म्हणून पेनिसिलिनचं इंजेक्शन दर २१ दिवसांनी. पुढची तारीख आणि तिच्या गावाजवळच्या आरोग्य केंद्राचं नाव मी कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, आणि नवऱ्याकडून ते दोनदा म्हणवून घेतलं.