१-०-१ समोरच्या पडद्यावर दिसलं पाहिजे

मी बीड जिल्ह्यात फिजिशियन आहे. माझे बीपी-शुगरचे बरेचसे पेशंट दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात आणि कारखान्याचा पट्टा पडला की परततात. मधल्या काळात सांगली, कोल्हापूर नाहीतर कर्नाटकातल्या एखाद्या दवाखान्यात गोळ्या बदललेल्या असतात आणि कागद फडावरच राहिलेला असतो. "पांढरी बंद केली, गुलाबी दिली" एवढ्यावरून मी पुढचे उपचार ठरवायचे. आरोग्य नोंदींच्या देवाणघेवाणीत मी पडलो तो यासाठीच.

आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालं. पेशंटचा १४ आकडी आभा क्रमांक आणि त्याला जोडलेल्या नोंदी, ही त्याची मूळ कल्पना. माझ्या दवाखान्याचं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या संभाजीनगरच्या मुलांना घेऊन मी सँडबॉक्समध्ये, म्हणजे सरावाच्या यंत्रणेत, नाव घातलं. तिथे तीन टप्पे असतात. पहिला आभा काढण्याचा आणि पडताळण्याचा, तो सुरळीत झाला. दुसऱ्यात आपल्याकडची नोंद पेशंटच्या आभाला जोडून मागितली की द्यायची, तिसऱ्यात पेशंटच्या संमतीने दुसरीकडची मागवून दाखवायची. खरं काम या दोन टप्प्यांत आहे.

पुढे पुण्यात आरोग्य माहिती तंत्रज्ञानाच्या एका परिषदेत चाचणीचं सत्र होतं, तिथे मी टेस्ट पेशंट, म्हणजे चाचणीसाठी रचलेली काल्पनिक पेशंटची नोंद, घेऊन गेलो. अशा चाचणीला कनेक्टॅथॉन म्हणतात. दवाखान्यांची सॉफ्टवेअरं एकमेकांशी जुळावीत म्हणून काम करणाऱ्या आयएचई या संस्थेने १९९९ पासून ही पद्धत रुळवली: वेगवेगळ्या कंपन्यांचे लोक शेजारी बसतात, एकाने नोंद पाठवायची, दुसऱ्याने उघडून दाखवायची. नोंदीचा साचा फायर (FHIR) या आरोग्य नोंदींच्या देवाणघेवाणीच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा. भारतासाठीचे त्याचे नियम पुण्याच्याच सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेतलं राष्ट्रीय केंद्र तयार करतं.

माझी टेस्ट पेशंट मी घरून लिहून नेली होती: बावन्न वर्षांची बाई, मधुमेह, मेटफॉर्मिन ५०० जेवणानंतर १-०-१ (सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक), सल्फाची ॲलर्जी. आमच्याकडून नोंद गेली. तपासणीच्या प्रोग्रॅमने हिरवी खूण दिली आणि इंजिनिअर मंडळी पुढच्या टेस्टकडे वळली. मी त्यांना थांबवलं आणि समोरच्या टेबलावर जाऊन पडदा बघितला. मेटफॉर्मिन ५०० होतं. किती वेळा, कधी, काहीच नव्हतं. ॲलर्जीचा रकाना कोरा होता.

कारण शोधायला वेळ लागला, पण ते प्रत्येक डॉक्टरला ठाऊक असायला हवं. फायरमध्ये डोस दोन प्रकारे लिहिता येतो: मोकळ्या मजकुरात, किंवा दिवसातून किती वेळा आणि जेवणाआधी की नंतर अशा ठरलेल्या रकान्यांत. नियमाला दोन्ही चालतात. आमच्या सॉफ्टवेअरने १-०-१ मजकुरात टाकलं होतं, समोरचं सॉफ्टवेअर फक्त रकाने वाचत होतं. ॲलर्जी आम्ही तिच्या विभागात पाठवली होती, पण समोरच्या पडद्यावर तो विभाग दाखवायची सोयच केलेली नव्हती. साचा बरोबर होता, म्हणून खूण हिरवी. ती बाई खरी असती आणि तिकडच्या डॉक्टरने सल्फाची गोळी लिहिली असती, तर? म्हणूनच या टेबलांवर डॉक्टर बसला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. नोंद पोहोचली का हे इंजिनिअर तपासतो. ती वाचून उपचार करता येतील का, हे आपणच सांगू शकतो.

दोन्हीकडच्या मुलांनी तिथेच बसून दुरुस्ती केली. डोस आता मजकुरात आणि रकान्यांत, दोन्हीकडे जातो. संध्याकाळी त्यांच्या पडद्यावर सल्फा लाल अक्षरांत दिसलं तेव्हा फार बरं वाटलं.

जन्मतारखेचाही घोळ निघाला. आमच्याकडे कितीतरी जणांना जन्माचं सालच तेवढं माहीत असतं. काही सॉफ्टवेअर तिथे आपणहून १ जानेवारी घालतात. फायरला नुसतं साल चालतं, आणि पेशंटची नोंद शोधतानाही नाव, लिंग, मोबाईल यांच्या जोडीला जन्मवर्षच विचारलं जातं. तेव्हा खोटी तारीख घालायची गरजच नाही. मोबाईलचं मात्र अवघड आहे. नंबर मुलाचा नाहीतर मुकादमाचा असतो, आणि ओटीपी त्याच्याकडे जातो. म्हणजे बाईच्या आजाराची संमती दुसऱ्याच्या हातात. हे मी तिथल्या चर्चेत मांडलं. उत्तर मिळालेलं नाही, मी विचारणं सोडणार नाही.

पुढच्या चाचणीसाठी डिस्चार्ज समरी तयार करतोय. ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर २०१९ मध्ये राज्याने चौकशी समिती नेमली होती. अशी तिशीतली बाई समोर आली की मला आधी कळायला हवं ते हे, की बीजांडकोश ठेवलेत की तेही काढलेत. काढले असतील तर तिची हाडं आतापासून सांभाळावी लागतात. तो मुद्दा मजकुरात न दडवता स्वतंत्र कोडने जावा आणि समोरच्या पडद्यावर पहिल्याच पानावर उघडावा, एवढंच यावेळी तपासणार आहे.