दोन सुतांची चीर

मे महिन्यातल्या एका सकाळी अमळनेरहून नानांचा फोन आला. रात्री मागच्या खोलीत फटाका फुटल्यासारखा आवाज झाला आणि दिवा लावून पाहिले तर टेबल फाटलेले होते, असे त्यांनी सांगितले. सुतारकामाचे ते टेबल मीच आदल्या ऑगस्टमध्ये त्यांना करून दिले होते. नाना रेल्वेतून निवृत्त झालेले. गुडघे दुखत असल्यामुळे त्यांना जमिनीवर बसता येत नाही आणि नातवंडांसाठी लाकडी खेळणी करण्याची हौस मात्र दांडगी. माझे वडील आयुष्यभर जमिनीवर बसून, लाकूड पायाने दाबून रंधा मारत आले, त्यामुळे उभ्याने काम करायचे टेबल हा प्रकार मी घरी नव्हे, तर आयटीआयमध्ये शिकलो. उंची मी अगदी काळजीपूर्वक ठरवली होती. नानांना सरळ उभे करून, हात खाली सोडायला लावून, मनगटाच्या घडीपर्यंतचे माप घेतले होते, कारण टेबल त्याहून उंच झाले तर रंध्यावर अंगाचा भार पडत नाही आणि सगळा ताण खांद्यांवर येतो.

मी पोहोचलो तेव्हा ऊन चढले होते. टेबलाचा माथा सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि अडीच इंच जाड, म्हणजे अडीच घनफूट सागवान होता; त्याचेच वजन पंचेचाळीस किलोच्या आसपास भरावे. मधल्या फळीत एका टोकापासून चार फूट लांबीची चीर गेली होती आणि तोंडाशी ती बरोबर दोन सूत रुंद होती (आठ सुतांचा एक इंच). फळ्यांचे जोड मात्र जसेच्या तसे होते. जोडाशेजारचे लाकूड फाटले होते. नानांना वाटले, वखारीतून आलेला मालच वाईट असावा. मलाही क्षणभर तसेच म्हणावेसे वाटले, पण खाली वाकून पाहिल्यावर ते बोलायला तोंड राहिले नाही.

माथा मी पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही लांब पट्ट्यांना फेविकॉल लावून चार-चार स्क्रूंनी आवळला होता. भक्कम म्हणजे कोठूनही न हलणारे, अशी माझी समजूत होती. लाकूड लांबीत जवळजवळ आटत नाही, ते रुंदीत आटते. ऑगस्टच्या दमट हवेत फळीने धरलेला ओलावा खानदेशच्या कोरड्या उन्हाळ्यात निघून गेला आणि दोन फुटांच्या माथ्याला शेकडा एक भाग आटायचे होते. चोवीस इंचांचा शंभरावा भाग म्हणजे जवळपास दोन सूत. खालच्या सांगाड्यातल्या आडव्या पट्ट्यांच्या रेषा, म्हणजे लाकडाचे तंतू, मात्र माथ्याच्या रुंदीच्या दिशेने लांबीत धावत होत्या, त्यामुळे सांगाडा तसूभरही आत आला नाही. माथ्याला आत यायचे होते, स्क्रू त्याला येऊ देत नव्हते आणि शेवटी तो मधूनच फाटला. चिरेची रुंदी आणि हा हिशेब इतका तंतोतंत जुळला, की दोष कोणाचा हे सांगायला वेगळ्या पुराव्याची गरज उरली नाही. मी नानांना तसे स्पष्ट सांगितले आणि दुरुस्तीचे पैसे घेणार नाही हेही सांगितले.

त्यांची दुसरी तक्रारही होती : रंधा मारताना टेबल आडवे झुलत होते. बाभळीच्या पट्ट्या मी पुरत्या न वाळलेल्या वापरल्या होत्या, त्यामुळे त्यांचे कुसू, म्हणजे पायांच्या खाचांत बसणारी टोके, आटून आपापल्या खाचांत ढिले झाले होते. एवढे वजन असूनही टेबल झुलते, कारण वजनामुळे ते फार तर जागेवरून सरकत नाही; झुलणे थांबते ते जोडांमुळे.

दिवसभर काम चालले. स्क्रू काढले, पटाशी आणि मोगरीने चिकटलेला भाग मोकळा केला आणि माथा उतरवून चिरेच्या रेषेने सरळ करवतून टाकला. मध्ये बसवायला लाकूड हवे होते. नानांनी आपले जुने धाब्याचे घर पाडताना एक सागवानी सर, म्हणजे छताची तुळई, जपून ठेवला होता. कित्येक उन्हाळे पाहिलेले ते लाकूड होते. त्याहून वाळलेले मला कोठे मिळणार? त्यावर जिथे जिथे काळे डाग दिसले, तिथे जुन्या स्पीकरचे चुंबक फिरवून पाहिले, कारण लोखंडाचा गंज सागवानाला काळे करतो. तीन खिळे सापडले, हाताने घडवलेले चौकोनी. ते काढल्याशिवाय रंध्याचे पाते त्या लाकडाला लावले असते, तर पात्याची धार तुटली असती.

त्या सरातून दीड इंच रुंदीची पट्टी काढून मधे बसवली आणि जोड सुकायला ठेवले. तोवर सांगाडा घेतला. प्रत्येक जोडात मेखेसाठी भोक पाडले, पण कुसवावरचे भोक खांद्याकडे, म्हणजे कुसू जिथे पट्टीतून निघतो तिकडे, अर्धा सूत सरकवले. मेख ठोकली की ती कुसू आत खेचते आणि जोड गच्च आवळला जातो. मेखा करवतून न काढता बाभळीच्या ढलप्या फोडून केल्या, म्हणजे रेषा सलग राहतात. मेखा बसल्यावर दोन्ही कर्ण मोजले, ते सारखे निघाले.

दुसऱ्या दिवशी माथा चढवला. पुढची कड पूर्वीसारखी घट्ट बांधली, कारण फळी आवळून धरणारा शिकंजा तिथे आहे आणि ती कड हलता कामा नये. मागच्या पट्टीला मात्र आतून खाच पाडली आणि त्यात सरकणारे सागवानी गुटके ठेवले, जे माथ्याला खाली दाबून धरतात, पण मागेपुढे होण्याला आडवे येत नाहीत. नानांनी फळी शिकंज्यात धरली, अंगाचा भार टाकून सलग ढलपी काढली, थांबून टेबलाच्या पायाकडे पाहिले आणि म्हणाले, "आते हालत नही, भाऊ."

निघण्यापूर्वी मी मागच्या पट्टीवर, माथ्याची कड जिथे टेकते तिथे, पेन्सिलीने एक रेघ ओढून ठेवली आणि नानांना ती पुसू नका म्हणून सांगितले. ऑगस्टमध्ये त्यांचा फोन आला. माथा रेघेच्या दीड सूत बाहेर आला होता आणि फळीला कोठेही चीर नव्हती. त्यांनी नव्या जागी दुसरी रेघ ओढून शेजारी महिना लिहून ठेवला होता.