इनामगावची देवी कोण, आणि मोठ्या वाड्यातला माणूस कोण?

तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहिते. इतिहासावर कुठेही बोलायला गेले की शेवटी कुणीतरी विचारतंच, "सातवाहनांच्याही आधी आपल्याकडे जी माणसं शेती करत होती, ती कोणत्या देवाला मानायची? आणि जातपात होती का त्यांच्यात?" हे दोन प्रश्न एका दमात येतात ते बरंच आहे. कारण इनामगावात दोन्हींची उत्तरं एकाच ठिकाणी शोधावी लागतात, ती म्हणजे घराच्या जमिनीखाली.

इनामगाव पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी या पुरातत्त्वज्ञ मंडळींनी १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षं तिथे वस्ती होती. ताम्रपाषाण युगातलं, म्हणजे दगडाबरोबर तांब्याचीही हत्यारं वापरायच्या काळातलं, हे शेतकऱ्यांचं गाव. शेतात सातू, गहू, डाळी, तीळ. दारात गाई-म्हशी आणि शेळ्या-मेंढ्या. पाण्यासाठी नदीचा पूर वळवून घेणारा पाट आणि बांधसुद्धा होता. म्हणजे चार लोकांना एकत्र आणून काम करून घेणारं कुणीतरी गावात होतं.

आधी देवाचं सांगते. इनामगावात देऊळ म्हणून दाखवता येईल अशी उंच, भव्य वास्तू नाही. देवी सापडली ती एका घराच्या जमिनीत पुरलेली. काळ इसवी सनापूर्वी १३००च्या आसपासचा. मातीची एक लांबट डबी, तिला झाकण, आत कच्च्या मातीची एक छोटी स्त्रीमूर्ती. झाकणावर आणखी एक स्त्रीमूर्ती, हिला डोकंच नाही, आणि शेजारी बैल. बिनडोक्याच्या मूर्तीच्या पोटाशी एक भोक आहे आणि बैलाच्या पाठीवरही एक. दोन्हींत काडी घातली की बाई बैलावर नीट बसते! कुणीतरी ओल्या मातीत विचार करून ती भोकं पाडली, पूजा केली असेल, आणि मग सगळं डबीसकट आपल्याच घराच्या पोटात ठेवून दिलं. ज्या हातांनी चूल सारवली त्याच हातांचं हे काम असावं असं मला नेहमी वाटतं.

इथे लोक लगेच नाव मागतात. दुर्गा का? पार्वती का? बैल आहे म्हणजे शिवाचं काही? शिर नसलेल्या देवीची परंपरा आपल्याकडे पुढे दिसते हे खरं. मराठवाड्यात तेर आणि भोकरदनला सापडलेल्या लज्जागौरीच्या, म्हणजे अशाच बिनडोक्याच्या मातृदेवीच्या, मूर्ती प्रसिद्ध आहेत. पण मधे हजाराहून जास्त वर्षं गेलीत. इनामगावच्या लोकांनी अक्षरं लिहिली नाहीत, त्यांच्या देवीला ते काय म्हणून हाक मारत होते ते त्यांच्याबरोबर गेलं. आपलं नाव तिच्यावर चिकटवणं मला अन्यायाचं वाटतं. ती त्यांची होती. घरात राहणारी, बैलावर बसणारी, अन्न आणि लेकरं देणारी म्हणून तिला मानत असावेत, इतपत मी म्हणेन.

लेकरांचा विषय निघाला म्हणून सांगते. तान्ही मुलं गेली की त्यांना दोन कुंभांत ठेवत. कुंभ आडवे, तोंडाला तोंड लावून, आणि खड्डा घराच्याच जमिनीत. अभ्यासक त्या कुंभांना गर्भाशयाचं रूप मानतात. आपल्याकडे आजही तान्ह्या बाळाला अग्नी न देता पुरतात, हे आठवलं की गलबलून येतं. मोठ्या माणसांना उत्तरेकडे डोकं करून सरळ निजवत, जवळ अन्नपाण्याची भांडी ठेवत. पण पुरण्याआधी त्यांची पावलं घोट्यापासून तोडत. गेलेल्याने उठून परत येऊ नये, ही भीती त्यामागे असावी. माया आणि भीती दोन्ही एकाच अंगणात.

आणि इथेच दुसरा प्रश्न येतो. वस्तीच्या मध्यावर पाच खोल्यांचं घर होतं, गावातल्या सर्वांत मोठ्या घरांपैकी एक, आणि त्याला लागून धान्याचं कोठार. त्याच्या अंगणात चार पायांचा, मोठ्या पोटाचा मातीचा रांजण निघाला. आत साधारण चाळिशीचा पुरुष, मांडी घालून बसलेला. त्याची पावलं शाबूत होती! सगळ्या गावाला लागू असलेला नियम या एका माणसाला लागू झाला नाही. त्याच जागी खाली तसाच आणखी एक रांजण होता, पण त्यात सांगाडाच नव्हता. ज्याचा देह हाती आला नाही अशा कुणाचं तरी ते प्रतीकात्मक दफन मानतात. या माणसाला राजा म्हणू नका. कोठाराशेजारी राहणारा, गावाचं धान्य आणि पाणी ज्याच्या हातात होतं असा प्रमुख म्हणा. त्याचा मोठेपणा सोन्यानाण्यात नाही, पावलं राखण्यात दिसतो. मला तर समाजरचनेचा याहून बोलका पुरावा माहीत नाही.

जातीचं विचाराल, तर कुंभार, सोनार, मणी आणि हस्तिदंताचं काम करणारे, चुना भाजणारे असे कारागीर वस्तीच्या पश्चिम कडेला राहत होते, आणि सधन शेतकरी मध्यभागी. कामं वाटलेली होती, जागा वाटलेल्या होत्या, मानही वाटलेला होता. यावरून "बघा, जाती तेव्हापासूनच" असं म्हणणारे भेटतात, आणि "तेव्हा सगळे समान होते" असं म्हणणारेही. मला दोघांचंही पटत नाही. भट्टीचा धूर गावाबाहेर ठेवायचा म्हणूनही कारागीर कडेला राहतील. जात म्हणजे कुणी कुणाशी लग्न करायचं, कुणाच्या हातचं खायचं याचे निर्बंध, आणि ते घराच्या पायावरून वाचता येत नाहीत. उच्चनीच होतं, एवढं मात्र पावलांवरून स्वच्छ वाचता येतं.

इसवी सनापूर्वी १००० नंतर पाऊस कमी होत गेला. ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेती आटली, शिकार वाढली. तरीही मुलांना कुंभात ठेवण्याची रीत टिकली. ७००च्या सुमारास गाव ओस पडलं.

पुण्यात डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात इनामगावच्या वस्तू ठेवल्या आहेत. मुलांना घेऊन जा, आणि नावं सांगायच्या आधी त्यांना नुसतं बघू द्या.