आमची वाटचाल: पाया, मुंडी आणि लालबागचा गाळा

आमच्या घरात दुखणेकऱ्याला काय पाजायचं यावर कधी एकमत झालं नाही. माझं माहेर वरळी कोळीवाड्यातलं. तिथे ताप उतरला की चिंबोरीचं सूप, नाहीतर घोळ माशाच्या मुंडीचं (डोक्याचं) पातळ पाणी. सासर लालबागचं, पण मूळ कोल्हापूरकडचं. सासरे गिरणीत आणि सासूबाईंची खाणावळ. मटण शिजलं की तिखट पडायच्या आधी अळणी पाणी बाजूला काढायचं, ते पोराबाळांना आणि आजाऱ्याला, हा त्यांचा नेम. १९८२ च्या संपात गिरण्या बसल्या, मागोमाग खाणावळही बसली. टोप मात्र सासूबाईंनी विकू दिले नाहीत. माळ्यावर उपडे पडून होते.

२०२० च्या टाळेबंदीत ते खाली उतरले. आमच्या इमारतीत कोविडमधून उठलेली बरीच माणसं होती. घास गिळवेना, तोंडाला चव नाही. सासूबाईंनी पाया, म्हणजे बकऱ्याच्या पायांचा रस्सा, चढवला, मी मासळीच्या मुंड्या मिळतील तेव्हा त्या. आधी शेजारी वाटी घेऊन यायचे, मग पैसे घेऊन यायला लागले. पुढे नणंदेनं हिशेब मांडला आणि म्हणाली, "वहिनी, हे धर्मादाय नको, धंदा करू." गल्लीतच भाड्याने गाळा घेतला. वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत, त्यामुळे तेव्हा एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) साधी नोंदणी पुरली. परळची मोठी इस्पितळं चालत जाण्याच्या अंतरावर, तिथल्या पेशंटचे गावाहून आलेले नातेवाईक हे आमचे पहिले नियमित गिऱ्हाईक.

आणि पहिल्या आठवड्यापासून प्रत्येकाचा एकच प्रश्न: ताई, जास्त ताकद कशात, मासळीच्या की मटणाच्या?

सासूबाईंचं उत्तर ठरलेलं, माझंही ठरलेलं. नणंदेनं लेबलासाठी आकडे शोधले तेव्हा आम्ही दोघी गप्प झालो. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यात घरी केलेल्या फिश स्टॉकच्या (माशाच्या गाळलेल्या रस्श्याच्या) एका कपात साधारण ५.३ ग्रॅम प्रथिनं आहेत आणि बीफ स्टॉकच्या कपात ४.७. आकडा बकऱ्याचा नाही, पण अंदाजाला पुरतो. दोन्हीकडे एका अंड्याएवढीसुद्धा प्रथिनं नाहीत. साठ किलोच्या माणसाला दिवसाला ५० ग्रॅमच्या आसपास लागतात. कॅल्शियमचं तर विचारू नका. त्याच तक्त्यात माशाच्या कपात ७ मिलिग्रॅम, बीफच्या कपात १९. कपभर दुधात ३०० च्या घरात असतं. हाड मोडलं म्हणून पाया प्यायला येणाऱ्याला हे सांगणं जिवावर येतं, पण आम्ही सांगतो. हाडातलं कॅल्शियम हाडातच राहतं. टोपात लिंबू पिळलं, कोकम टाकलं, तरी थोडंफारच सुटतं.

मग पायात असतं काय? रात्री चढवलेला पाया सकाळी बघा, म्हणजे कळेल. खाटकाकडून पाय भाजूनच आणतो, तरी घरी खुरांच्या खाचा सुरीने खरवडतो. पहिलं उकळतं पाणी फेकून द्यायचं, दुसऱ्या पाण्यात आलं, मिरी आणि कांदा. मग आच इतकी मंद की टोपात मधूनच एखादा बुडबुडा यावा. आठ-नऊ तासांत कातडी आणि स्नायूंच्या दोऱ्यांतलं कोलॅजेन विरघळून त्याचं जिलेटिन होतं. गाळून बर्फाच्या लादीवर टोप ठेवून झटपट गार करतो, कोमट राहिला तर रस्सा नासायला वेळ लागत नाही. फ्रिजमध्ये वर पांढऱ्या चरबीचा थर येतो, तो अख्खा उचलून काढता येतो. खाली रस्सा खरवसासारखा थरथरतो. एका काकांनी डबा उघडून थेट फोन केला होता, "यात कॉर्नफ्लोर घातलंय का हो?" गरम करा म्हटलं, पाणी होईल. झालं.

हे जिलेटिन म्हणजे प्रथिनच, पण अपुरं. त्यात ट्रिप्टोफॅन नावाचं एक आवश्यक अमिनो आम्ल अजिबात नसतं, म्हणून नुसत्या त्यावर शरीर उभं राहत नाही. पोटात गेल्यावर त्याचेही तुकडेच होतात; पायाचं कोलॅजेन उठून तुमच्या गुडघ्यात जाऊन बसत नाही. हा पाया विकणारीच सांगतेय.

मासळीचं गणित उलटं. माशाचं कोलॅजेन कमी उष्णतेला आणि लवकर सुटतं, तीस-चाळीस मिनिटांत काम आटोपतं. त्यापुढे टोप शेगडीवर राहिला तर रस्सा कडवट आणि खडूसारखा लागतो. त्यामुळे गॅस कमी जळतो, पण नजर हलवता येत नाही. कल्ले आणि कण्यालगतची रक्ताची रेघ काढली नाही तर वास मारतो, आणि पाण्याला एकदा जोरात उकळी आली की रस्सा गढूळ. पांढऱ्या मांसाच्या मासळीच्याच मुंड्या घेतो: घोळ, रावस, कधी सुरमई. पापलेटच्या मिळाल्या तर नशीब.

लोक मासळीच्या सुपात ओमेगा-थ्री, म्हणजे माशातलं चांगलं मानलं जाणारं तेल, शोधतात. ते भरपूर कशात, तर बांगड्यात आणि तारलीत. आणि नेमकं त्यांचंच सूप सगळ्यात वाईट होतं, कारण ते तेल उष्णतेत लवकर खवट होतं. ज्यांना ओमेगा हवं त्यांना मी सरळ सांगते, बांगडा घ्या, तिरफळ घालून तिखलं करा आणि मासा खा. आमच्या सुपाच्या नादाला लागू नका. नणंद कपाळाला हात लावते.

बाळंतिणीसाठी मुशीचं सूप मागणारे खूप येतात. दूध येतं म्हणून कोळीवाड्यातही मुशी देतात, माझ्या आईनेही मला दिली होती. पण धंद्यात मी ते करत नाही. मुशी म्हणजे शार्क; मोठ्या शिकारी माशांत पारा साठत जातो आणि बाळंतिणीला तो नको. वर मुशी ताजी नसेल तर अमोनियाचा वास टोपाला दोन दिवस सोडत नाही.

दोन्ही रस्शांबद्दल एक सारखीच ताकीद डब्यावर छापली आहे. यूरिक अ‍ॅसिड वाढवणारे प्युरिन मांसातून आणि माशातून पाण्यात उतरतात, त्यामुळे गाऊट (त्याने सांधे सुजण्याचा आजार) असलेल्यांनी जपून. किडनीचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावं, कारण मिठाबरोबर पोटॅशियमही येतं. मासळीचे आणि चिंबोरीचे टोप, पळ्या, गाळणी वेगळी, आणि अ‍ॅलर्जीचा उल्लेख ठळक. मांसाहाराची खूण असलेला तपकिरी त्रिकोण आहेच. "हाडं जुळतात", "सांधे मोकळे होतात" असलं मात्र एक अक्षर नाही. शेजारच्या गाळेवाल्याने सुचवलं होतं की तसं लिहिलं तर दुप्पट खपेल. खपेलही.

धंद्याचा जोर पंचांगावर. मंगळवार, गुरुवार, शनिवार थंड. रविवारी आणि बुधवारी गाळ्यात उभं राहायला जागा नसते. पावसाळ्यात यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, त्या काळात मुंडीचा रस्सा आम्ही बनवतच नाही. बर्फातल्या जुन्या मुंड्या मला चालत नाहीत. गटारीला पाया तुटून जातो आणि लगेच श्रावण लागतो, तेव्हा भाडं खिशातून. गणपती गेले की पुन्हा गाडी रुळावर.

आकडे कळल्यापासून एक बदल मात्र केला. पूर्वी नुसतं गाळलेलं पाणी द्यायचो. आता ज्याला चावता येतं त्याच्या डब्यात मांस नाहीतर मासळीचे काटे काढलेले तुकडे घालतो, कारण खरं प्रथिन आणि मटणातलं लोह तिथेच राहतं. किंमत वाढली, थोडी गिऱ्हाइकं तुटली. ज्याला फक्त घोटभर जातं, त्याला पाणीच देतो. त्याच्या पोटात द्रव आणि मीठ गेलं, वासाने भूक चाळवली, तरी त्या दिवसापुरतं काम झालं. सासूबाईंना तुकड्यांचा डबा अजून पटलेला नाही. "सूप आहे का कालवण?" म्हणतात.

सध्या वाद आहे तो पाकिटांचा. नणंदेला फ्रिजशिवाय टिकणारी पाकिटं काढायची आहेत, पुण्या-नाशिकला पाठवता येतील म्हणून. पाया ती पाकिटं निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या उष्णतेत टिकेल, मुंडीचा रस्सा टिकणार नाही असं माझं मत. शिवाय यंत्राचं कर्ज कोणाच्या नावावर, हेही ठरायचं आहे. दिवाळीनंतर बसू म्हणालो आहोत. तोवर पायाची ऑर्डर आदल्या संध्याकाळी सातच्या आत द्यावी लागते, मुंडीची सकाळी बाजार बघूनच घेतो.