आबांची लाल 800: तीन रविवार झाले, छत आणि बोनेट आटोपलं

आबांची मारुती 800, 1997 ची, एमएच-19 पासिंग, चोपड्याजवळच्या आमच्या मळ्यात निंबाखाली पाच वर्षं उभी होती. वरून निंबोळ्या आणि कावळ्यांची घाण, बाजूनं केळीच्या ट्रॅक्टरांचा धुराळा, आणि मे महिन्यात आपल्याकडचं 45 चं ऊन, मग लाल रंग पार गुलाबी झालेला. बोनेटवर बोट घासलं की खडूसारखी भुकटी बोटाला लागायची. एका पेंटरनं उभ्या उभ्याच फुल पेंटचे 30 हजार सांगितले. एवढ्यात तर ही गाडीच विकली जाणार नाही, पण मी स्टेअरिंग हिच्यावरच धरायला शिकलो, म्हणून म्हटलं रंग न मारता आपण हातानंच घासून चमक परत आणून बघू.

पहिला रविवार नुसता धुण्यात गेला. कोरड्या फडक्यानं धूळ अजिबात पुसली नाही, त्या धुळीत बारीक वाळू असते आणि पुसलं की ती पेंटवर घासत जाते. आधी मोटारीचा पाइप लावून गाडी चांगली भिजू दिली, कावळ्यांच्या घाणीवर ओलं फडकं टाकून दहा-पंधरा मिनिटं तसंच ठेवलं, मग दोन बादल्या घेतल्या, एक शाम्पूची आणि एक फडकं खळबळायची, आणि छतापासून खाली आलो. कपड्याची पावडर घरात होती पण वापरली नाही, शाम्पूला जो गुळगुळीतपणा असतो त्यानं माती सरकून जाते, तो पावडरीत नाही.

एक चूक झाली ती सांगतो म्हणजे तुमची होणार नाही. शेवटचं पाणी मारायला आरओचं वाया जाणारं पाणी घेतलं, वाटलं वाचेल तेवढं बरं. सुकल्यावर छतभर पांढरे ठिपके! बोअरच्या पाण्यातले क्षार आरओ काढतो ते त्याच वाया जाणाऱ्या पाण्यात जातात ना, म्हणजे ते बोअरपेक्षाही जड. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून फडक्यानं लावलं, मिनिटभरात धुऊन टाकलं, बरेचसे ठिपके गेले. आता बोअरचंच पाणी मारतो पण लगेच कोरडं पुसतो, आणि सगळं काम सकाळी 9 च्या आत, पत्रा तापला की पाणी जागच्या जागी वाळतं.

दुसऱ्या रविवारी क्ले, म्हणजे पेंटला चिकटलेली घाण ओढून घेणारा मऊ मातीसारखा गोळा. हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून धुतलेल्या पेंटवरून हात फिरवा, रव्यासारखं खरखरीत लागतं, तीच चिकटलेली घाण. शाम्पूचं पाणी शिंपडत हलक्या हातानं क्ले फिरवला, काळा झाला की मोडून आतली बाजू बाहेर. खाली पडलेला तुकडा सरळ फेकून दिला, मातीत पडला की तो सँडपेपरच होतो.

आता खरं काम. बोनेटच्या एका कोपऱ्यात मास्किंग टेपनं फूटभर चौकोन आखला आणि फोमच्या पॅडवर वाटाण्याएवढा रबिंग कंपाउंड (पेंटचा वरचा थर बारीक घासून काढणारी पेस्ट) घेऊन घासायला लागलो तर दोन मिनिटात पॅड लालभडक. आबा खाटेवरून उठूनच आले, "अरे काय करी ऱ्हायना रे, रंग काढी टाकशी का?" त्यांना सांगितलं की हा जुना साधा रंग आहे, वर क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, नाही, म्हणून वरचा मेलेला थर पॅडला येतो आणि खाली चांगला रंग आहे. क्लिअर कोटवाल्या गाडीत पॅड असा लाल होत नाही, आणि तिथे क्लिअर कोटच पापुद्र्यानं सुटला असेल तर कितीही घासा, तो परत येत नाही, रिपेंटच करावं लागतं. टेप काढली तेव्हा बाहेर गुलाबी आणि आत डाळिंबासारखा लाल चौकोन, मधली रेघ अगदी सरळ. आबा बराच वेळ ती रेघच बघत उभे राहिले.

मग दोन-दोन फुटाचे भाग करत तिसऱ्या रविवारपर्यंत छत आणि बोनेट हातानं झालं. खांदे दुखले पण पॉलिशचं मशीन नाही तेच बरं, कडांवर आणि बोनेटच्या घडीवर रंग पातळ असतो, नवख्याच्या हातातलं मशीन तिथे पत्र्यापर्यंत जाऊ शकतं. तिथे टेपच लावून ठेवली होती. छतावर कधीतरी केळीचे घड टेकवले होते त्याच्या चिकाचे दोन डाग आहेत, ते फिके झाले पण गेले नाहीत, जास्त घासत बसलो नाही. शेवटी वॅक्सचे दोन पातळ हात दिले. साधा रंग उघडा असल्यामुळे वॅक्स चुकवायचं नाही, दोन-तीन महिन्यांनी परत लावणार, नाहीतर उन्हानं पुन्हा गुलाबी.

खर्च: शाम्पू 250, क्ले 400, मायक्रोफायबर चार 300, कंपाउंड 350, वॅक्स 450, फोमचे पॅड आणि टेप 150. एकूण 1900.

काल आबांनी स्वतः तांब्याभर पाणी बोनेटवर ओतलं, गोल थेंब होऊन घरंगळलं. दरवाजे चारही बाकी आहेत. डिकीच्या खालच्या कडेला गंज आहे, स्क्रूड्रायव्हर टोचून बघितला, एका जागी आरपार गेला. तिथे कंपाउंडचं काम नाही, पत्रा कापून वेल्डिंग करावं लागेल, ते पुढच्या रविवारी बघतो.