काय बे, पत्रास कारण की

चौथीतल्या भाच्याला गृहपाठ होता, ‘मित्रास पत्र लिहा’. त्याने वहीत तारीख टाकली, ‘प्रिय मित्र’ लिहिलं आणि पेन्सिल चावत बसला. बऱ्याच वेळाने म्हणाला, “आत्या, पण हा मित्र कोण आहे?”

प्रश्न बरोबर होता. आपणही शाळेत अशा मित्रांना ढीगभर पत्रं लिहिली. वक्तृत्व स्पर्धेत पहिला आल्याबद्दल त्यांचं अभिनंदन केलं, उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांना गावी बोलावलं. पाचपैकी चार गुण मिळाले. मित्र काही एकदाही आले नाहीत.

“तुझा तो भिवंडीचा आहे की,” मी म्हटलं. “त्यालाच लिही.”

हा भिवंडीचा म्हणजे मूळचा आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातला. घरी तेलुगू, गल्लीत मराठी, भांडताना दोन्ही. वडील मागावर कामाला. दिवाळीनंतर सगळं बिऱ्हाड भिवंडीला गेलं. तेव्हापासून दोघांचा एकदा व्हिडिओ कॉल झाला. एकमेकांची तोंडं बघितली, “जेवला का?” “हो.” “तू?” “हो.” संपलं. फोनवर मुलं बोलत नाहीत, हजेरी देतात.

पत्राची कल्पना त्याला पटली. मीही उत्साहाने मायन्यापासून सुरुवात केली. बरोबरीच्या माणसाला ‘स. न. वि. वि.’ लिहायचं, असं सांगितलं तर विचारतो, “ही कुठली शाळा?” सप्रेम नमस्कार विनंती विशेष, असं फोड करून सांगितलं. त्याने मान हलवली, कागद पुढे ओढला आणि लिहिलं, ‘काय बे,’.

आता सोलापूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे ‘बे’ ही शिवी नाही. ती जवळीक आहे, आणि ती कुणाशी करायची याचे नियम पक्के आहेत. हेडमास्तरांना बे म्हणता येत नाही, नुकत्या ओळखीच्या मुलालाही नाही. तरी माझ्यातली जुन्या वळणाची बाई खोडरबर शोधायला लागली होती. मग हात आखडला. आपले जुने मायने तरी दुसरं काय करत होते? आईवडिलांना ‘तीर्थरूप’, त्यांच्या जागी असणाऱ्यांना ‘तीर्थस्वरूप’, धाकट्याला ‘चिरंजीव’. समोरचा माणूस आपल्यापासून किती वर, किती खाली, किती जवळ, हे पहिल्या ओळीतच तोलून टाकायचं. त्या तागडीत घालून बघितलं तर ‘प्रिय मित्र’ हलकं भरलं आणि ‘काय बे’ बरोब्बर. ठेवलं.

पुढचा मजकूर मात्र तीन ओळींत आटोपला. मी मजेत आहे. तू कसा आहेस. अभ्यास कर. “अभ्यास कर कशाला?” तर म्हणे पत्रात तसं लिहितात.

हे माझंच चुकलं. आपण लहान मुलांना पत्र शिकवतो ते साच्यापासून: उजवीकडे पत्ता, मग मायना, मजकूर, शेवट. सांगाडा हातात दिला की मूल त्यात भुसा भरतं. मी कागद बाजूला ठेवायला लावला आणि विचारलं, “तो आत्ता दारात येऊन उभा राहिला, तर आधी कुठे नेशील त्याला?”

“कोपऱ्यावर. कुत्रीला चार पिल्लं झालीयेत.”

“मग?”

मग थांबेचना. जुन्या दिनदर्शिकेच्या पाठीमागे मी एकेक शब्द टिपत गेले: पिल्लं, पडलेला दात, शेजारच्या काकांनी जप्त केलेला चेंडू. गड्डा तर होताच. गड्डा म्हणजे सिद्धरामेश्वरांची संक्रांतीची यात्रा, मित्र नेमका या वर्षी नव्हता. होम मैदानावरच्या मोठ्या पाळण्यात बसताना या वेळी शेजारी धाकटी बहीण होती आणि ती वर गेल्यावर त्याच्याच अंगावर ओकली. पांढऱ्या बाराबंदीतल्या लोकांनी उचललेले सातही नंदीध्वज, म्हणजे यात्रेतल्या मानाच्या उंच काठ्या, त्याने बाबांच्या खांद्यावरून नाही, स्वतःच्या पायांवर उभं राहून बघितले. “काय दिसलं?” “पाठी.”

मी सांगितलं, यातलं सगळं लिहायचं नाही. त्याला हसू येईल ते घे, आणि एक काहीतरी असं विचार की त्याला उत्तर द्यावंच लागेल. पत्राचं नियोजन म्हणून मी याउपर काही शिकवलं नाही, आणि मला येतही नाही. ओकारी अर्थातच पहिल्या नंबरवर गेली. प्रश्नासाठी तो जरा वेळ बसला. मग लिहिलं, ‘तिकडे पण रात्री मागाचा आवाज येतो का? तुला झोप येते का?’ मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच पाणी पिऊन आले.

शेवटाशी पुन्हा अडला. ‘लोभ असावा’ म्हटल्यावर दचकलाच. “लोभ वाईट असतो ना? लोभी कुत्र्याची गोष्ट आहे की.” हा माया या अर्थाचा लोभ, पत्रातला लोभ वेगळा, असं समजावलं. त्याने संशयाने लिहिला. ‘मोठ्यांना नमस्कार’ का लिहायचा, हेही विचारलं. तेव्हा मी म्हटलं की पूर्वी पत्र एकट्याचं नसायचं, घरात मोठ्याने वाचलं जायचं. मग त्याला मित्राची आजी आठवली. तिला मराठी वाचता येत नाही. त्याने ता. क. टाकून लिहिलं, ‘आजीला तेलुगूत सांग की तिच्या शेंगाचटणीसारखी इथे कुणाचीच होत नाही. पाळण्याचं सांगू नको.’

आता हे पोस्टकार्डावर कसं जाणार? कार्ड अजून 50 पैशांतच मिळतं, सुट्ट्या 50 पैशांची पंचाईत म्हणून चार घेऊन दोन रुपये द्यावेत. पण कार्ड उघडं, पोस्टमनकाका वाचतील ही त्याची धास्ती. म्हणून अडीच रुपयांचं आंतरदेशीय आणलं. त्याच्या घड्या घालणं हे स्वतंत्र शास्त्र आहे. पहिल्यांदा त्याने नुसतीच घडी घातली तर पत्ता आत आणि दाताची गोष्ट बाहेर.

पिनकोड मी सांगितला, तर त्याला ते बँकेच्या कार्डाचं वाटलं. 15 ऑगस्ट 1972 पासून देशात हे सहा आकडे आले. त्यांचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून टपाल जिथे निवडलं जातं तो जिल्हा, शेवटचे तीन आपल्या टपाल कार्यालयाचे. वेलणकरांच्या कवितेपर्यंत मी पोचलेच नाही, कारण तो दोन पिनकोड एकाखाली एक लिहून बघत होता. आपला 413 ने सुरू, भिवंडीचा 421 ने.

“दोन्हीकडं 4 च आहे की.”

“हो, महाराष्ट्र सगळा चारातच.”

“म्हंजे लई लांब नाही तर.”

सिद्धेश्वर एक्स्प्रेस रात्री निघते आणि सकाळी कल्याणला पोचते, तिथून भिवंडी जवळ, हे त्याला माहीत होतं. मित्र तसाच तर गेला होता. पत्रही त्याच गाडीने जाणार, हे त्याने परस्पर ठरवून टाकलं. खिडकीची जागा मिळेल का, एवढंच विचारलं.

पेटीत टाकण्याआधी मी एकदा पाठची बाजू तपासली. प्रेषकाच्या जागी घर नंबर, पेठ, सोलापूर, पिनकोड, सगळं वळणदार अक्षरात, एक काना इकडचा तिकडे नाही. फक्त नावाच्या रेघेवर लिहिलं होतं, ‘ओळख बे’.

मी पत्र त्याच्या हातात परत दिलं आणि पेटीच्या तोंडापर्यंत त्याला उचललं.