४जी पेटंटचं पत्र आल्यापासून करारावर सही होईपर्यंत

४जी वापरणारं डिव्हाइस बनवलं की ४जी तंत्राचे पेटंटधारक लायसन्स घ्या म्हणून पत्र पाठवतात. आम्हालाही आलं. पहिल्या पत्रासोबत शेकडो पेटंट क्रमांकांची यादी येते. आकड्याला घाबरायचं कारण नाही. एकच शोध अनेक देशांत नोंदवलेला असतो, म्हणून आम्ही आधी पेटंट फॅमिलीनुसार, म्हणजे एका शोधाची सगळी पेटंट एकत्र करून, यादी लावली आणि मुदत संपलेली पेटंट बाजूला काढली. एट्सी या युरोपातल्या दूरसंचार मानक संस्थेकडे अत्यावश्यक, म्हणजे ज्याच्याशिवाय मानक पाळताच येत नाही असं, म्हणून जाहीर झालेलं पेटंट खरंच तसं आहे का, हे एट्सी तपासत नाही. ते आपणच तपासायचं.

तपासणी चालू असली तरी पत्राचं उत्तर लांबवू नये. हुआवे विरुद्ध झेडटीई या २०१५च्या युरोपीय निकालाने क्रम घालून दिलाय: धारकाने उल्लंघन कळवायचं, आपण फ्रँड अटींवर, म्हणजे रास्त, वाजवी आणि भेदभावाविना, लायसन्स घ्यायची तयारी दाखवायची, मग त्यांचा लेखी प्रस्ताव, त्यावर आपला प्रतिप्रस्ताव. तोही नाकारला गेला तर बँक हमी किंवा अनामत. चालढकल केली की विक्रीबंदीविरुद्धचा हा बचाव हातचा जातो.

सगळ्यात जास्त वेळ क्लेम चार्टनी खाल्ला. डावीकडे पेटंटमधल्या दाव्याचा एकेक घटक, उजवीकडे थ्रीजीपीपीचं, म्हणजे मोबाइल मानकं लिहिणाऱ्या संघटनेचं, त्याच्याशी जुळणारं कलम. कलम उघडून मूळ वाक्य वाचाच: ‘शॅल’ म्हणजे सक्ती, ‘मे’ म्हणजे ऐच्छिक. आमचं डिव्हाइस कॅट-१ एलटीईचं, म्हणजे कमी वेगाच्या ४जीचं. त्यात कॅरियर ॲग्रिगेशन, म्हणजे अनेक फ्रिक्वेन्सी पट्टे एकत्र वापरणं, नाहीच. ते मानकाच्या नंतरच्या आवृत्तीत, रिलीज १० मध्ये आलं, त्यामुळे त्यावरचे सगळे चार्ट बाद झाले. चिप लायसन्स असलेल्या कंपनीची असेल तर धारकाचा हक्क तिथेच संपतो का, हेही लेखी विचारून घ्या.

जाहीर दर हा बोलणीचा आरंभ असतो. ५जी फोनमागे नोकियाने ३ युरो, एरिक्सनने ५ डॉलर (स्वस्त फोनला कमी होत २.५० पर्यंत), हुआवेने कमाल २.५० डॉलर सांगितले. हे एकेकाचे दर आहेत, सगळ्यांची बेरीज फार मोठी होते. म्हणून आम्ही उलटं धरलं: समजा सगळ्या ४जी पेटंटचं एकूण ओझं किमतीच्या ६ टक्के आणि या धारकाचा वाटा ५ टक्के, तर दर ०.३ टक्के.

त्यातही टक्का कशावर, हा प्रश्न उरतो. मोबाइल नेटवर्कशी जोडणारा मोडेम हा डिव्हाइसचा छोटा भाग असेल तर पूर्ण डिव्हाइसच्या किमतीवर टक्का मान्य करू नका, नगामागे ठरावीक रक्कम मागा. मागच्या विक्रीची रॉयल्टी, परत आलेल्या मालाची वजावट आणि परदेशी रकमेवरची करकपात कोणी सोसायची, हे सहीआधीच लिहून घ्या. करकपातीचं कलम राहिलं तर पहिल्याच तिमाहीच्या पैशांवरून वाद होतो.